कणा नसलेली पुस्तके : कवितेच्या सार्वजनिक घराविषयी

सोलापूर-धुळे महामार्गावर बीडच्या अलीकडे मांजरसुंब्याचा चौक लागतो. इथून एक वाट बीडला जाते, एक चौसाळ्यावरून धाराशिव-सोलापूरकडे, एक नेकनूर-केज करत अंबाजोगाईला आणि एक पाटोद्याकडे. प्रवाशांना हा चौक ठाऊक असतो तो ढाब्यांमुळे आणि घाटामुळे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक इथून कारखान्यांच्या दिशेने जाताना दिसतात.

मराठी कवितेच्या अभ्यासकानेही या चौकावर खूण करून ठेवावी. जवळच बालाघाटाच्या दरीत कपिलधार आहे. 'परमरहस्य' हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या मन्मथस्वामींची समाधी तिथे आहे. केजच्या वाटेने पुढे गेले की अंबाजोगाई. तिथे मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांचे देवघर. मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधू'चे शके 1110 हे वर्ष परंपरा सांगते. त्या वर्षावर आणि ग्रंथ अंबाजोगाईत लिहिला की विदर्भातल्या आंभोऱ्यात यावरही अभ्यासकांनी भरपूर शाई खर्च केली आहे. तो वाद इथे नको. मुद्दा एवढाच की आठशे वर्षांपूर्वीची कविता कुठे भेटेल हे या चौकात कोणीही सांगेल. गेल्या साठ वर्षांत याच तालुक्यांत लिहिली गेलेली आणि छापलेली कविता पाहायची असेल, तर मात्र मला घरोघर हिंडावे लागते. कवीच्या मुलाकडे, निवृत्त गुरुजींच्या माळ्यावर, बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या खोलीत. काही संग्रह मी रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने घेतले आहेत.

म्हणून कवितेला वाहिलेले सार्वजनिक ग्रंथालय ही काय चीज असते, ते कशासाठी लागते आणि आपल्याकडे त्याचे कोणते नमुने आहेत, हे मी काही वर्षे तपासतो आहे.

सुरुवात पुस्तकाच्या देहापासून करू. खेड्यापाड्यातला कवितासंग्रह बहुधा चौसष्ट ते ऐंशी पानांचा असतो. तीनशे किंवा पाचशे प्रती, खर्च कवीचा. जुने संग्रह तर मधोमध दोन पिना मारलेले. अशा पुस्तकाला कणाच नसतो, म्हणजे कपाटात उभे ठेवल्यावर ज्या कडेवर नाव वाचायचे ती कड नसते. दोन जाड कादंबऱ्यांच्या मध्ये ते जे आत सरकते ते पुन्हा हाताला लागत नाही. ग्रंथालयशास्त्राने त्याला ड्युई पद्धतीत 891.461 असा क्रमांक दिला आहे, पण तो लिहायची चिठ्ठी चिकटवायला जागाच नाही. मग पुस्तक आडवे पडते, गठ्ठ्यात जाते आणि काही वर्षांनी जीर्ण व न वाचलेल्या पुस्तकांचे निर्लेखन निघते तेव्हा पहिल्या यादीत येते. यात ग्रंथपालाचा दोष शोधण्यात अर्थ नाही. 1967च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली गावाचे वाचनालय ड किंवा क वर्गाच्या अनुदानावर चालते. वाचकाला हवी असते स्पर्धा परीक्षांची पुस्तके, वर्तमानपत्र आणि कादंबरी. जे मागितले जाते ते टिकते.

कायद्याने प्रत जपण्याची सोय आहे. 1954च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरावीक ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. पण इथे प्रकाशक म्हणजे कवीच, किंवा कवीच्या पत्नीच्या नावाने काढलेले एका पुस्तकापुरते प्रकाशन. त्याला हा कायदा सांगणार कोण? शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1950 या दीडशे वर्षांतल्या छापील मराठी पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' केली. कवितेच्या फुटकळ पुस्तिकाही त्यांच्या नजरेतून सुटल्या नाहीत, म्हणून आज त्यांचा निदान माग तरी लागतो. सूचीत नाव असणे आणि पुस्तक हातात येणे यांत मोठे अंतर आहे, आणि आमच्याकडच्या पुष्कळ पुस्तकांचे नावही कोणत्या सूचीत नाही.

ही अडचण बीडचीच आहे असे नाही. पातळ पुस्तक जगभर हरवते, आणि कवितेची स्वतंत्र ग्रंथालये निघाली ती बहुतांशी यातूनच. लंडनचे राष्ट्रीय काव्य ग्रंथालय 1953 साली टी. एस. एलियट आणि हर्बर्ट रीड यांच्या उपस्थितीत उघडले आणि 1988 पासून ते रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये आहे. 1912 पासूनची ब्रिटनमधली कविता, तीही लहानसहान छापखान्यांच्या पुस्तिकांसकट, जमवायची हा त्यांचा संकल्प. एडिंबरामध्ये 1984 साली स्कॉटलंडच्या कवितेचे असेच ग्रंथालय कवयित्री टेसा रॅन्सफर्ड यांच्या पुढाकाराने सुरू झाले. न्यूयॉर्कचे 'पोएट्स हाऊस' 1985 साली स्टॅन्ले क्युनिट्झ आणि एलिझाबेथ क्रे यांनी काढले. त्यांची एक रीत मला फार आवडते. वर्षभरात देशात निघालेले कवितेचे प्रत्येक पुस्तक मागवायचे, दर्शनी बाजू समोर ठेवून सगळ्यांचे प्रदर्शन भरवायचे आणि मग ती पुस्तके कायमची संग्रहात घालायची. चांगले-वाईट निवडण्याचे काम त्या टेबलावर होत नाही. मला हे पटते. आज कोणती कविता टिकाऊ आहे हे ठरवणारे आपण कोण? आपण ठेवावे, पुढच्यांनी निवडावे.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचे म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातले मालगुंड, गणपतीपुळ्याला लागून असलेले केशवसुतांचे जन्मगाव. मराठवाड्यातून तिथे पोचायला रात्रभराचा प्रवास करावा लागतो. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषदेने इथे स्मारक उभे केले आणि 8 मे 1994 रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जुन्या कोकणी पद्धतीचे घर, केशवसुतांच्या कविता कोरलेल्या शिळा, आधुनिक मराठी कवींची चित्रे व माहिती असलेले दालन आणि ग्रंथालय अशी त्याची मांडणी आहे. समुद्रावर आलेले पर्यटक तिथे येतात. त्यांतले निम्मे पाच मिनिटांत बाहेर पडतात, पण एखादी आई मुलाला शिळेसमोर उभे करून शाळेतली कविता म्हणायला लावते. तेवढ्यासाठीही ही जागा असावी असे मला वाटले.

मला मालगुंड महत्त्वाचे वाटते ते आणखी एका कारणाने. केशवसुत 1905 साली हुबळीला प्लेगने गेले तेव्हा त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. आज उपलब्ध असलेल्या त्यांच्या जेमतेम एकशे पस्तीस कविता 'करमणूक', 'काव्यरत्नावली' अशा नियतकालिकांत आणि हस्तलिखितांत विखुरलेल्या होत्या. हरि नारायण आपट्यांनी त्या दहा-बारा वर्षांनी पुस्तकरूपाने आणल्या नसत्या तर आधुनिक मराठी कवितेचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस चालवत असलेले 'काव्यरत्नावली' हे तर केवळ कवितेचे मासिक. आडगावात बसून एका संपादकाने छापलेले आणि एका स्नेह्याने जमवलेले, एवढ्या दोन धाग्यांवर केशवसुत टिकले. ज्यांना आपटे भेटले नाहीत त्यांची मोजदाद कोण करणार?

अंबाजोगाईची पासोडी याच दृष्टीने पाहावी. दासोपंतांनी (1551-1615) पंचीकरणाचा विषय सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा जाड कापडावर ओव्यांतून लिहून काढला. कागद फाटतो, सुटी पाने हरवतात. पासोडीचे एक पान हरवेल कसे? आणि एवढे मोठे वस्त्र कुठेतरी घुसवून विसरताही येत नाही. ती टिकली ती वंशजांनी आणि भक्तांनी देवघरातली वस्तू म्हणून सांभाळली म्हणून. पुस्तकाला देवत्व आले की ते वाचते, मात्र वाचणाऱ्यांची संख्या घटते. पासोडीचे दर्शन घेणारे मी पुष्कळ पाहिले. तिच्यातल्या चार ओव्यांचा अर्थ विचारणारे फार थोडे.

कपिलधारेची तऱ्हा उलट आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून पायी दिंड्या येतात. वीरशैव लिंगायत समाजात गावोगाव 'परमरहस्या'ची पारायणे होतात. तिथे ग्रंथ कपाटात बसत नाही, तो माणसांच्या तोंडी असतो. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्याही वाचकाची ओवी चुकली की मान वर करतात. ग्रंथालयात 'शांतता राखा' अशी पाटी असते. कवितेच्या ग्रंथालयात ती लावली तर निम्मे ग्रंथालय बंद केल्यासारखे होईल, हे मला कपिलधारेला बसूनच उमगले. पारायणाची मर्यादाही उघड आहे. तिथे ग्रंथ ठरलेला, तिथी ठरलेली. नव्या कवीला व्यासपीठाजवळ जागा नाही, आणि असावी अशी अपेक्षाही करू नये.

छापलेलेच तेवढे जमवले तर आमच्या भागातली बरीचशी कविता बाहेर राहील, हेही खरे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या लिहून घेतल्या, हजारोंचे ध्वनिमुद्रण केले. त्या संग्रहात 1990च्या दशकात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. 'पारी'ने त्या आता सर्वांना ऐकण्यासाठी खुल्या केल्या आहेत. गाणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या, जमवणारे पुण्यातले. त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण त्या ओव्या माजलगावच्या एखाद्या वाचनालयात बसून, म्हणणाऱ्या बाईच्या नातीला ऐकता आल्या तर ते निराळेच काही असेल. आज जाते गेले आणि ओवीही गेली. ऊसतोडीच्या फडात पहाटे काय गुणगुणले जाते, ते कोणी टिपत असेल तर मला त्याला भेटायचे आहे.

मग मांजरसुंब्यात काय व्हावे? स्मारक, सभागृह, पुतळा हे शब्द निघाले की समिती बसते आणि काम उठते. एक खोली पुरे. बस थांबते तिथून चालत जाता येईल अशी हवी, कारण इथे चारही वाटांनी माणूस येतो. पुस्तके उभी न ठेवता वर्तमानपत्रांच्या स्टँडसारखी मुखपृष्ठ समोर ठेवून मांडायची. कणा नसलेल्या पुस्तकाला हाच उपाय. प्रत्येकाच्या दोन प्रती हव्यात, एक हाताळायला आणि एक पेटीत. दाखल नोंदवहीत पुस्तकाचे नाव, कवी, वर्ष एवढ्यावर भागणार नाही. छापखाना कोणता, प्रती किती काढल्या, पैसे कसे उभे केले, अर्पणपत्रिका कुणाला, प्रत कुठून मिळाली, हे रकाने हवेतच. एका संग्रहाच्या शेवटच्या पानावर मला कवीने शाईने लिहिलेला हिशेब सापडला. कागद, जुळणी, बांधणी, आणि खाली 'बैल विकून' अशी नोंद. पुस्तकातल्या कविता सामान्य आहेत. तो हिशेब मात्र आमच्या भागातल्या साहित्यव्यवहाराचा पहिल्या प्रतीचा पुरावा आहे, आणि ती प्रत रद्दीतून आलेली आहे.

दुसरे काम आवाजाचे. हयात कवीला बोलावून त्याच्याच तोंडून पाच कविता मोबाइलवर मुद्रित करायच्या. तारीख, गाव, वय सांगून सुरुवात करायची. आमच्याकडचे हेल, 'आलाव-गेलाव'सारखी क्रियापदे छापताना प्रमाण होऊन जातात. म्हणताना ती परत येतात. त्यात कवितेची लय असते आणि ती छापील ओळीत दिसत नाही. याला यंत्रसामग्री लागत नाही, बोलावणारा माणूस लागतो.

सुरुवात कपिलधारेच्या वाटेवर करता येईल. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा यात्रेला जेमतेम पंधरवडा असेल. दिंड्या जातात त्या वाटेच्या कडेला एक टेबल, वर सतरंजी, आणि माझ्याकडे दोन पेट्यांत असलेले संग्रह मुखपृष्ठ वर करून मांडलेले. विक्री नाही. शेजारी एक वही आणि पेन : आपल्या गावात कविता करणारे कोण होते, त्यांचे पुस्तक निघाले होते का, त्याची प्रत आज कुणाच्या घरी आहे.