बारामती-इंदापूरची श्रीमंती : चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

लग्नसराईत बारामती-इंदापूर भागातल्या मंगल कार्यालयांपुढं फॉर्च्युनरच्या रांगा लागतात. ते पाहून बाहेरचा पाहुणा सहज म्हणतो, ‘इथं आता गरीब उरलाय कोण?’ अशा समजुती एकदा नीट तपासायला हव्यात.

गैरसमज 1 : हा सगळा भाग बागायती आहे.
वस्तुस्थिती : नीरा डाव्या कालव्यावर ऊस उभा राहिला, सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती हे साखर कारखाने त्यावर चालले. पण त्याच बारामती तालुक्यात सुपे-मोरगावचा पट्टा जिरायती आहे. पावसानं ओढ दिली की तिथं टँकरची वाट पाहावी लागते. उजनीचा जलाशय उशाशी असूनही इंदापूरच्या 22 गावांना शेतीच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. तालुक्याच्या सरासरी उत्पन्नात ही गावं झाकली जातात.

गैरसमज 2 : ऊस पिकला की सगळ्यांच्याच हाती पैसा खेळतो.
वस्तुस्थिती : 2025-26 साठी केंद्रानं उसाची एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागं 3,550 रुपये ठरवली. हा ऊस तोडणाऱ्या मजुराला जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ मिळाली, तरी त्याचा दर टनामागं सुमारे 366 रुपयेच झाला. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. पहाटेच्या थंडीत फडात उतरून दोघं मिळून दिवसाकाठी दीड-दोन टन तोडतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून वाहून गाडी भरतात. म्हणजे दोघांची मिळून मजुरी साधारण साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये. तीही मुकादमाकडून आधीच घेतलेल्या उचलीत वळती होते. मुक्काम पाचटाच्या कोपीत.

गैरसमज 3 : थाटाच्या लग्नांमुळं पैसा गावातच फिरतो.
वस्तुस्थिती : मांडववाला, आचारी, बँडवाला यांना काम मिळतं, हे खरं. पण वाढप्याला मिळते त्या दिवसाची रोजंदारी. सोन्यावर घातलेला पैसा तर बराचसा परदेशी जातो, कारण देशाला लागणारं बहुतेक सोनं आयातच होतं. शिवाय मोठ्यांच्या थाटाची बरोबरी करायला दोन एकरवाला कर्ज काढतो. ते फिटलं नाही की एकर विकतो. ती जमीन घेतो ज्याच्याकडं आधीच पैसा आहे तोच.

गैरसमज 4 : घरोघरी दुचाकी आणि मोबाइल आले, म्हणजे दरी मिटली.
वस्तुस्थिती : हप्त्यावर घेतलेल्या दुचाकीची किंमत दरवर्षी उतरते, रस्त्याकडेच्या जमिनीची चढते. विषमता ठरते ती मालकीवरून. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये देशातल्या वरच्या 1 टक्का लोकांकडं 40.1 टक्के संपत्ती होती, खालच्या 50 टक्क्यांकडं जेमतेम 6.4 टक्के.

लग्नं साधेपणानं व्हावीत, पण तेवढ्यानं दरी बुजणार नाही. त्यासाठी जिरायती गावांना पाणी आणि राबणाऱ्याला न्याय्य दाम मिळालं पाहिजे. सभासद असाल तर कारखान्याच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत उसाच्या दराबरोबर तोडणीच्या मजुरीचाही प्रश्न विचारा.