बिया कुणी खाल्ल्या?

माझी मावशी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. तिच्या घरामागे सफरचंदाचं झाड आहे. तिकडे परसात सफरचंद असणं म्हणजे आपल्याकडे अंगणात पेरू असण्यासारखंच, कुणाला त्याचं अप्रूप नाही. सप्टेंबरात एके दिवशी माझ्या छोट्या मावसभावाने व्हिडिओ कॉल केला आणि एक लालबुंद सफरचंद माझ्यापुढे नाचवलं.

"ताई, बघ! सगळं मस्त आहे, फक्त हे एवढंसं भोक."

"काप बघू."

त्याने कापलं. मधोमध तपकिरी, ओलसर भुगा, आणि बियांच्या जागी नुसती पोकळी.

"शी!" तो ओरडला. आणि अगदी बरोबर ओरडला, कारण तो भुगा म्हणजे खरोखरच अळीची शी होती!

पण अळी बियांपर्यंत गेलीच कशाला? बाहेरचा एवढा गोड गर सोडून? तर गरात पाणी आणि साखर भरपूर, पण प्रथिनं अगदी नावाला. भराभर वाढायचं तर प्रथिनं हवीत, आणि ती असतात बियांमध्ये. म्हणून ही पोरगी गर पोखरत थेट कोठीघर गाठते. पोट भरलं की बाहेर पडते. भावाला दिसलेलं भोक म्हणजे तिचा बाहेर पडायचा दरवाजा. आत शिरतानाचं छिद्र फार बारीक असतं, पुष्कळदा फळाच्या बुडाशी, सुकलेल्या फुलाचे अवशेष असतात तिथे. ते दिसतही नाही.

तिच्या आईचं नाव कॉडलिंग मॉथ. बोटाच्या नखाएवढा करडा पतंग, पंखांच्या टोकाशी तांब्यासारखी चकाकी. उन्हाळ्यातल्या उबदार संध्याकाळी ती पानांवर आणि कोवळ्या फळांवर टाचणीच्या डोक्याएवढी चपटी अंडी घालते.

"मग औषध मारू?" भावाने विचारलं. आता? आता काय उपयोग! अळी एकदा आत शिरली की तिच्यावर फळाचंच छप्पर. फवारा तिच्यापर्यंत पोचणार कसा? अंड्यातून निघून फळात शिरेपर्यंतचा वेळ, तेवढीच काय ती संधी. ती वेळ ओळखायची कशी, तर वासाने. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी एक गंध सोडते. १९७१ साली शास्त्रज्ञांनी तो गंध नेमका कोणत्या रसायनाचा हे शोधून काढलं. आता त्याची छोटी रबरी गोळी तंबूसारख्या खोक्यात ठेवतात आणि तळाला चिकट कागद घालतात. नर भुलून येतो आणि चिकटतो. आपले शेतकरी याला कामगंध सापळा म्हणतात, कापसाच्या नि वांग्याच्या शेतात तुम्ही पाहिलाही असेल. मे महिन्यात तो झाडावर टांगायचा. नर सापडू लागले की समजायचं, पतंग उडू लागलेत, आता अंडी येतील.

मला मात्र दुसरी युक्ती जास्त आवडते. फळातून निघालेली अळी थंडी काढायला सालीच्या फटी शोधते. मग आपणच तिला फट द्यायची! टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा आठवा, आत नागमोडी नळ्या असतात तो. त्याची पट्टी जुलैत बुंध्याला गुंडाळून ठेवायची. अळ्या खूश होऊन नळ्यांत कोष विणतात. थंडीत पट्टी काढायची आणि अळ्यांसकट नष्ट करायची.

त्या झाडावर आणखी दोन बिऱ्हाडं निघाली. पानांवर काळपट डाग आणि फळांवर खरखरीत खपल्या, ही खपली रोगाची बुरशी. अशी फळं सोलून खुशाल खावीत. ही बुरशी हिवाळा काढते झाडाखालच्या पाचोळ्यात, आणि वसंतातल्या पावसात तिथूनच आपले बीजाणू हवेत उडवते. म्हणजे इथलं औषध काय? झाडू! पाचोळा उचलून टाकायचा. उरलेली पानं गांडुळं ओढून बिळात नेतात, तीही फुकटात.

दुसरं बिऱ्हाड फांद्यांवर कापसाचे पुंजके करून राहिलं होतं. सांगलीकडच्या एखाद्या काकांनी फोटो पाहताच म्हटलं असतं, "अरे, हा तर लोकरी मावा!" उसावर येणारा मावा वेगळ्या जातीचा, पण अंगावरची लोकर तशीच. राठ ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन घासलं की निघतो.

"पण तुमच्या सफरचंदात अळी कशी नसते गं?" भावाने विचारलं. प्रश्न फक्कड होता. भारतात कॉडलिंग मॉथ प्रामुख्याने लडाखमध्येच आढळतो. मधे हिमालयाच्या उंच रांगा, त्या या नखाएवढ्या जिवाला उडून थोड्याच ओलांडता येणार? पण ट्रकमधून, सफरचंदात बसून आरामात येता येईल! म्हणून तर लडाखची ताजी सफरचंदं बाहेर नेण्यावर सरकारने निर्बंध घातले.

पुढच्या वर्षी भावाने जुलैतच पट्टी बांधली. जानेवारीत त्याचा फोन आला. पट्टीत सतरा कोष होते. पण सालीच्या फटी टोकरत एक ब्लू टिट नावाचा निळ्या टोपीचा चिमुकला पक्षी रोज येत होता, आणि त्याला ह्याच अळ्या हव्या होत्या. मग पठ्ठ्याने पट्टी जाळली नाही. उलगडून पक्ष्यांच्या दाण्याच्या ताटलीशेजारी ठेवली. संध्याकाळपर्यंत तीन कोष शिल्लक होते.