जांभळी राहिली तर पास

इंदूरच्या कचऱ्यावर आता आणखी काय लिहायचं, असं मी संपादकांना विचारलं. 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं येणारं शहर. दारोदार फिरणाऱ्या गाड्या, सहा प्रकारची वेगवेगळी वाटणी, सगळं छापून झालंय. ‘‘प्रयोगशाळांचा कचरा बघा,’’ ते म्हणाले. म्हणजे त्या गाड्यांत जाताच कामा नये तो.

कचऱ्याशी या गावाचं सख्य तसं जुनं. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथल्या शेती संशोधन संस्थेत कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली, तिच्यावरचं पुस्तक 1931 मध्ये निघालं. मुखपृष्ठावर दुसरं नाव होतं यशवंत वाड. हॉवर्ड जगभर गाजले. वाडांचं नाव इंदूरच्या मराठी घरांतही क्वचितच निघतं.

प्रयोगशाळांचा कचरा मात्र जैववैद्यकीय कचऱ्यात मोडतो. त्याचे पहिले नियम 1998 चे, सध्याचे 2016 चे. पिवळी, लाल, पांढरी, निळी ही वाटणी दवाखान्यात आपण पाहिलेली असते. प्रयोगशाळेला वर आणखी एक काम आहे. जंतू वाढवलेल्या पेट्री डिश, कल्चर, रक्ताचे नमुने हे आधी जागच्या जागी निर्जंतुक करायचे आणि मगच पिवळ्या पिशवीतून शहराच्या सामाईक भट्टीकडे धाडायचे. तिथं पहिल्या कप्प्यात 800 अंशांच्या आसपास, धुरासाठीच्या दुसऱ्या कप्प्यात 1050.

मी मात्र अडकले ती त्याआधीच्या टप्प्यावर, एका संशोधन प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत. दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणारा उभा पोलादी ऑटोक्लेव्ह आणि तो चालवणारे मराठी तंत्रज्ञ. त्यांचं नाव छापू नये ही त्यांचीच अट. झाकणाचे नट ते समोरासमोरच्या जोड्यांनी आवळतात, एका कडेने ओळीने कधीच नाही. मग हीटर लावून, झडप उघडी ठेवून उभे राहतात. आधी भकभक वाफ येते, तरी झडप उघडीच. फुसफुस थांबून सलग धार लागली की मगच बंद.

‘‘आत हवा राहिली ना ताई, तर काटा पंधरावर येतो आणि आत मात्र थंड.’’

सगळी मेख इथंच आहे. जंतू मरतात ते वाफेचं पाणी होताना: दर ग्रॅममागे साधारण 540 कॅलरी उष्णता ती थेट त्यांच्या अंगावर सोडते. हवेच्या कप्प्यात हे घडतच नाही. नियमांत 121 अंश, 15 पौंड दाब आणि साध्या यंत्रात किमान 60 मिनिटं सांगितली आहेत. त्यातही इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. बाहेरचा दाब कमी, म्हणून पंधराच्या खुणेला आत एखादा अंश कमीच भरतो. म्हणून हे तंत्रज्ञ दाबाकडे नाही, तापमानाकडे बघतात.

आणि त्यावरही विश्वास ठेवत नाहीत. पिशवीवरच्या पट्टीला काळ्या रेघा उमटल्या, तर बाहेरून ताप लागला एवढंच कळतं. म्हणून पिशवीच्या पोटात, मधोमध, ते बोटाएवढी कुपी पुरतात. तिच्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णताप्रिय जिवाणूचे बीजाणू आणि जांभळा द्रव. माणसाला निरुपद्रवी, पण मरायला चिवट. नंतर ती कुपी 55 ते 60 अंशांच्या पेटीत ठेवायची. बीजाणू वाचले असतील तर द्रव पिवळा पडतो. जांभळा राहिला तर पास. शेजारी एक न शिजवलेली कुपीही असते आणि ती पिवळी पडलीच पाहिजे. नाही पडली तर परीक्षाच रद्द. आपल्या यंत्राला नापास करण्याची इतकी संधी देणारा माणूस मला फार आवडला.

उष्णतेवरचा संशय एकेकाळी मराठी मुलखातल्या प्रयोगशाळेलाही भोवला होता. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी परळच्या प्रयोगशाळेतली प्लेगची लस टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं दगावली. ही लस बनवणाऱ्या हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड सोडून उष्णतेवर भिस्त ठेवली म्हणून ठपका त्यांच्यावर आला. पुढे चौकशीतल्या साक्षी नीट वाचल्या गेल्या तेव्हा दिसलं, की बाटली उघडण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता. हाफकिन निर्दोष ठरेपर्यंत 1907 उजाडलं.

इथंही घोटाळे हातांचेच. विद्यार्थी पिशवीचं तोंड करकचून बांधतात, वाफ आत शिरतच नाही. कुणी ब्लीच ओतलेली बाटली तशीच आत ठेवतो. तापल्यावर क्लोरीन सुटतो. फिनॉल-क्लोरोफॉर्मचे उरलेले थेंब असलेल्या नळ्यांचीही तीच गत, त्यांचा विषारी वायू खोलीभर. शिवाय निर्जंतुक न केलेला असा कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, आणि कुपीचा निकाल यायलाही कधीकधी तेवढेच तास लागतात. मग निकालाची वाट बघत पिशवी अडवायची, की काट्यावर भरवसा ठेवून गाडीत द्यायची? काही तासांत उत्तर देणाऱ्या कुप्या मिळतात, पण महाग.

त्याहून अवघड एक बाटली त्यांनी मला धूरकपाटात दाखवली. आत जनुक बदललेल्या पेशी, त्यावर फिनॉल. जनुक बदललेले सूक्ष्मजीव आणि पेशी 2016 च्या नियमांत येत नाहीत, त्यांना 1989 चे वेगळे नियम. फिनॉल घातक रसायनांच्या नियमांत. पेशी मारायला तापवावं तर फिनॉलची वाफ, न तापवता पिवळ्या पिशवीत टाकावं तर ती पिशवी या मालासाठी नाही. बाटलीवर तारीख होती, संशोधकाची आद्याक्षरं होती, आणि तो संशोधक केव्हाच प्रबंध देऊन गेलेला. त्यांनी जैवसुरक्षा समितीला पत्र दिलंय. विषय पुढच्या बैठकीच्या यादीत आहे.