काळ्या रंगाखालचा गंज

पासिंगची तारीख जवळ आली की निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतल्या गॅरेजांमध्ये एक काम हमखास निघतं: चेसिसला काळा रंग मारणं. ट्रकखाली पोतं अंथरून कारागीर आडवा होतो आणि तासा-दोन तासांत गाडीचं पोट नव्यासारखं दिसू लागतं. आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक वाहनाला पासिंग, म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट, दर दोन वर्षांनी घ्यावं लागतं, त्यानंतर दरवर्षी. त्यामुळे गाडी जुनी होत जाते तसे रंगाचे थर वाढत जातात. यातले बरेचसे थर गंजावरच चढलेले असतात, आणि रंग लागला म्हणजे गंज थांबला, हा जुन्या ट्रकच्या मालकाला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. रंग त्यांना अडवतो हे खरं, पण तो स्वच्छ धातूवर घट्ट बसला तरच. गंजाचा थर सच्छिद्र असतो. ओल आणि क्षार त्यात मुरलेले असतात, आणि वरून रंग चढला की ते आतच कोंडतात. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो फुगतो, वरचा रंग पापुद्र्यासारखा उचलला जातो, चीर पडते आणि पुढच्या पावसाचं पाणी थेट आत जातं.

दोन पत्रे एकावर एक बसवलेल्या जागी तर हा फुगवटा अक्षरशः ताकद लावतो. लाँग मेंबरला, म्हणजे चेसिसच्या लांब तुळईला, आतून जोडलेली मजबुतीची पट्टी, आडव्या क्रॉस मेंबरचे सांधे, स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर अशा ठिकाणी साठलेला गंज पत्रे एकमेकांपासून ढकलतो आणि रिव्हेट ताणतो. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त पट्टीची कड किंचित उघडलेली दिसते.

रेड ऑक्साइडबद्दलही असाच समज आहे. ‘लाल मारला की काम झालं’ असं म्हणत कित्येक गाड्या त्याच अवस्थेत रस्त्यावर येतात. रेड ऑक्साइड हा प्रायमर आहे, म्हणजे वरच्या रंगाला पकड देणारा अस्तराचा थर. एकटा तो पाणी फार दिवस अडवू शकत नाही. झिंक फॉस्फेट असलेला प्रायमर गंजाला जास्त विरोध करतो, पण त्यावरही वरचा कोट हवाच.

‘पुण्यात ना समुद्र, ना बर्फ, इथे गाडी सडत नाही’ हे वाक्य जुन्या गाडीच्या सौद्यात हटकून ऐकू येतं. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा शहरातच फिरणाऱ्या टेम्पोपुरतं त्यात तथ्य आहे. पण पुण्याचा ट्रक पुण्यात थांबतो कुठे? चाकणचा माल घेऊन तो न्हावाशेवाच्या बंदरात जातो. वाटेत लोणावळा-खंडाळ्याचा पाऊस लागतो, जो पुण्याच्या कित्येक पट असतो, आणि खाली उतरल्यावर खाडीची खारी हवा. मालाचा परिणाम तर याहून मोठा. कोकणातून गणेश पेठेच्या बाजारात मासळी आणणाऱ्या गाडीच्या हौद्यातून बर्फाचं खारट पाणी सगळी वाट चेसिसवर ठिबकत असतं. खतांपैकी म्युरेट ऑफ पोटॅश हे रसायनाच्या भाषेत पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचंच भावंड. फाटक्या गोणीतून सांडलेलं असं खत हौद्याच्या फटीतून खाली जातं, हवेतली ओल शोषतं आणि पाऊस नसतानाही लोखंड खात राहतं. म्हणून जुना ट्रक घेताना तो कोणत्या शहराचा आहे यापेक्षा त्याने आजवर काय वाहिलं, हे आधी विचारावं.

चिखलाबद्दलचा समज मात्र अगदी उलटा आहे. वाळलेल्या चिखलाचा थर पत्र्याचं रक्षण करतो असं मानणारे जुने चालक आजही भेटतात. प्रत्यक्षात चिखल कित्येक दिवस ओल धरतो. त्यात आणखी एक गोष्ट घडते: चिखलाखाली ऑक्सिजन कमी पोहोचतो, आजूबाजूच्या उघड्या धातूला तो भरपूर मिळतो. या फरकामुळे एकाच पत्र्यावर विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि कमी ऑक्सिजनची, म्हणजे नेमकी चिखलाखालचीच जागा झिजत जाते. खंडेनवमीला ट्रक धुऊन हार घालण्याची आपली रीत सुंदर आहे. त्या दिवशी पाण्याचा फवारा मडगार्डच्या आत, पाट्यांच्या खाचांत आणि चेसिसच्या वरच्या कडेवरही मारला, तर पावसाळ्याचा सगळा चिखल तेव्हाच निघून जाईल. धुण्याने गंज वाढतो ही भीतीही निराधार आहे. धुतल्यावर गाडी उन्हात नीट वाळू द्यावी, एवढंच.

‘जुना पत्रा जाड, त्याला काही होत नाही’ हे अर्धसत्य आहे. १९८६ साली बाजारात आलेल्या टाटा ४०७ सारख्या गाड्या आजही मंडईच्या आसपास राबताना दिसतात आणि त्यांच्या टिकाऊपणाबद्दल आदर वाटावा असाच त्यांचा लौकिक आहे. पण जाडी फक्त वेळ देते. लोखंड जाड असो वा पातळ, उघडं राहिलं की गंजतं.

जळक्या ऑईलचा उपाय मात्र सोडायलाच हवा. इंजिनातून काढलेलं ऑईल डिझेलमध्ये मिसळून पंपाने खाली फवारायचं, ही पद्धत स्वस्त आहे आणि तेलाचा थर काही काळ पाणी अडवतो, म्हणूनच ती टिकून आहे. पण ते तेल रबरी बुश आणि ब्रेकच्या होजवर बसतं. खनिज तेलाने असं रबर फुगतं, नरम पडतं. गाडी थांबवणारा भागच त्यामुळे कमकुवत होतो. उरलेलं तेल पहिल्या पावसात रस्त्यावर आणि तिथून नाल्यात उतरतं. घातक कचऱ्याबाबतच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑईल मोडतं, म्हणून ते असं उडवणं बेकायदाच आहे.

गॅरेजमध्ये मिळणारं डांबरी-रबरी कोटिंग नव्या किंवा स्वच्छ केलेल्या पत्र्यावर उत्तम काम करतं. जुन्या गंजावर मारलं तर ते कालांतराने कडक होऊन तडकतं आणि तडकल्यावर आत शिरलेलं पाणी कोंडून ठेवतं. बाहेरून काळ्याभोर, आतून पोकळ अशा चेसिस याच प्रकारातून तयार होतात. पोकळ भागांसाठी मेणासारखं मऊ राहणारं कोटिंग बरं, कारण ते फटीत पसरतं. गंज बदलणारं रसायन, म्हणजे फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचं मिश्रण, घट्ट चिकटलेल्या पातळ गंजालाच लागू पडतं. खपल्या आधी काढाव्याच लागतात, आणि गेलेली जाडी कोणतंही रसायन परत आणत नाही.

म्हणून खरा खर्च आणि खरे कष्ट साफसफाईवर व्हावेत. हातोडीने ठोकत जावं: चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. मग छिन्नी, तारेचा ब्रश, जमल्यास सँड ब्लास्टिंग, धातू दिसेपर्यंत. त्याच दिवशी प्रायमर, वाळल्यावर रंग. हे काम एप्रिल-मे मध्ये करावं. जूनच्या दमट हवेत मारलेला प्रायमर ओल आत घेऊनच बसतो.

भोक पडलेल्या जागी पत्र्याचा तुकडा वेल्ड करणं केबिनच्या फरशीला चालतं, लाँग मेंबरला नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं पोलाद बदलतं आणि वजनाखाली तडा तिथूनच जातो. गंजलेली चेसिस किती गंभीर असते, हे अमेरिकेत दिसलं. टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया या गाड्यांच्या गंजलेल्या फ्रेमवरून टोयोटाने २०१६ मध्ये सुमारे ३४० कोटी डॉलरची तडजोड मान्य केली आणि सुमारे १५ लाख गाड्या तिच्या कक्षेत आल्या. उपाय रंगाचा नव्हता. तपासणीत भोकं आढळली तर फ्रेम बदलायची होती.

घासताना एक जागा मात्र हाताने, हळुवार साफ करावी: चेसिस नंबर कोरलेली. तिथे ग्राइंडर फिरला किंवा गंजाने आकडे खाल्ले, तर आरटीओच्या परवानगीशिवाय नंबर पुन्हा पंच करता येत नाही.