पार्ट नंबर जुळला, तरी गाडी का सुरू होत नाही?

बॉडी कंट्रोल मोड्यूल, गॅरेजच्या बोलीत बीसीएम, हा गाडीतले दिवे, वायपर, इंडिकेटर, हॉर्न, काचा आणि सेंट्रल लॉकिंग यांचा कारभार पाहणारा छोटा संगणक असतो. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डखाली बसवलेला असतो. इंजिन सांभाळणारा ईसीएम वेगळा. हे दोघे कॅन नावाच्या दोन तारांच्या जाळ्यावरून एकमेकांशी बोलतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे आणलेली ही पद्धत पुढे आयएसओ ११८९८ या मानकात बांधली गेली. अनेक गाड्यांत चोरी रोखणारा इमोबिलायझरही बीसीएममध्येच असतो. मोड्यूल बदलताना होणारा बहुतेक घोळ या इमोबिलायझरपाशी होतो.

गैरसमज: जुन्या बाजारातून त्याच नंबरचा बीसीएम आणायचा, सॉकेट जोडायचे, की गाडी सुरू.

हा सल्ला गॅरेजमध्ये इतक्या खात्रीने दिला जातो की तो खोटा असेल अशी शंकाही मालकाला येत नाही. फ्यूज किंवा रिले असाच बदलतात, मग मोड्यूल का नाही, असा त्यामागचा विचार असतो. पण रिलेला आपण कोणत्या गाडीत आहोत हे ठाऊक नसते. बीसीएमला ते पक्के ठाऊक असते.

वस्तुस्थिती: बीसीएममध्ये तीन थर असतात. पहिला सर्किटचा, दुसरा त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामचा आणि तिसरा त्या एका गाडीच्या माहितीचा. डब्यावरचा पार्ट नंबर पहिल्या थराबद्दल आणि फार तर दुसऱ्याबद्दल सांगतो. तिसऱ्या थरात गाडीचा १७ अक्षरी चासी नंबर असतो. फॉग लॅम्प आहेत का, पाऊस ओळखणारा सेन्सर आहे का, अशी जुळणी असते. आणि नोंदवलेल्या चाव्यांची व इमोबिलायझरची गुप्त माहिती असते. हा थर दुसऱ्या कोणत्याही गाडीशी जुळत नाही, जुळताही कामा नये.

चावी फिरवल्यावर काय घडते ते पाहिले की कारण स्पष्ट होते. चावीच्या प्लॅस्टिकमध्ये बॅटरी नसलेली एक चिप असते. इग्निशन कुलपाभोवतीची कॉइल तिला साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरींतून ऊर्जा देते आणि ओळख विचारते. उत्तर पटले तर बीसीएम ईसीएमला परवानगी कळवतो. ही परवानगी दोघांनाच ठाऊक असलेल्या गुप्त संख्येवर बेतलेली असते. बाजारातून आणलेल्या बीसीएमला आपली चावी माहीत नसते आणि ईसीएमला हा बीसीएम माहीत नसतो. मग दिवे लागतात, वायपर फिरतात, काचा खालीवर होतात. पण रिमोट चालत नाही. सेल्फ मारला की इंजिन क्षणभर पेट घेऊन बंद पडते, किंवा काही गाड्यांत सेल्फच लागत नाही. पुष्कळदा इथे ‘हाही पीस खराब निघाला’ असा निष्कर्ष काढला जातो आणि तिसरा बीसीएम शोधायला माणूस धावतो. पीस धडधाकट असतो. तो आपले काम चोख करत असतो आणि अनोळखी गाडीला सुरू होऊ देत नसतो.

कोणताही बीसीएम लावून गाडी सुरू झाली असती, तर चोराला खिशात एक मोड्यूल ठेवणे पुरले असते. युरोपीय संघाने ९५/५६/ईसी या निर्देशाने ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींत इमोबिलायझर सक्तीचा केला, तो हीच वाट बंद करण्यासाठी. त्यामुळे ‘कंपन्या मुद्दाम अडवतात’ ही तक्रार या बाबतीत अर्धवट आहे. दुरुस्ती महाग होते हे खरे, पण कुलूप लावलेले आहे ते सकारण.

याच गैरसमजाचे शेपूट म्हणजे ‘बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेवा, मोड्यूल आपोआप शिकेल’. चाव्यांची माहिती ज्या स्मृतीत असते ती वीज नसतानाही वर्षानुवर्षे टिकावी अशीच बनवलेली असते. रात्रभर थांबून तिच्यात एका अक्षराचाही फरक पडत नाही.

मग उपाय काय? तीन मार्ग आहेत. पहिला, कंपनीचा नवा मोड्यूल घेऊन अधिकृत यंत्रणेने त्याचे कोडिंग करून घेणे. दुसरा, जुन्या बाजारातला मोड्यूल कोरा करून गाडीशी नव्याने जोडणे. काही मॉडेलमध्ये हे जमते, काहींत नाही. तिसरा क्लोनिंगचा, म्हणजे बिघडलेल्या मोड्यूलचा तिसरा थर, आणि गरज पडल्यास दुसराही, जसाच्या तसा दात्या, म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढलेल्या, मोड्यूलमध्ये उतरवणे. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. रस्त्यावर उरलेल्या अशा गाड्यांसाठी तिसरा मार्ग विशेष उपयोगाचा आहे.

क्लोनिंगचे काम गाडीत होत नाही, टेबलावर होते. मोड्यूलचा डबा उघडल्यावर सर्किटवर तांदळाच्या दाण्याएवढ्या भागांमध्ये आठ पायांची एक चिप दिसते. ९५३२० जातीची चिप असेल तर तिच्यात ३२ किलोबिट, म्हणजे अवघे चार किलोबाइट मावतात. गाडीची ओळख तेवढ्यातच असते. काही मोड्यूलमध्ये अशी सुटी चिप नसते आणि माहिती मुख्य प्रोसेसरच्या पोटात असते. स्थिर वीजपुरवठा देऊन ती माहिती वाचतात. सावध कारागीर एकाच चिपचे वाचन पुन्हा करून दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात का ते तपासतो. दात्याची मूळ फाइल वेगळी राखून ठेवतो, मगच लिहितो आणि लिहिलेले परत वाचून पडताळतो. वाचनात एक बाइट चुकला तरी चावी ओळखली न जाण्याचा धोका असतो, म्हणून ही कसोशी. काम नीट झाले तर जुन्याच चाव्या, जुनाच रिमोट आणि जुनीच जुळणी चालते. ईसीएमला बदल झाल्याचे कळतही नाही.

दाता निवडताना मात्र पार्ट नंबर पूर्ण जुळायला हवा, शेवटच्या अक्षरांसकट. स्वस्त व्हेरियंटच्या मोड्यूलमध्ये पुष्कळदा फॉग लॅम्पला वीज देणारा भाग सर्किटवर बसवलेलाच नसतो. जागा रिकामी असते. अशा दात्यावर महाग व्हेरियंटची माहिती उतरवली तर बीसीएम फॉग लॅम्पचा हुकूम सोडेल, पण दिवा लागणार नाही. पुरात बुडालेल्या गाडीचा मोड्यूलही टाळावा. वरून कोरडा दिसला तरी पिनांच्या मुळाशी चढलेला गंज काही महिन्यांनी डोके वर काढतो.

आता उरलेले गैरसमज.

‘क्लोन म्हणजे डुप्लिकेट माल.’ दाता मोड्यूल मूळ कंपनीचाच असतो. नक्कल होते ती माहितीची.

‘जुन्या मोड्यूलचा बिघाडही नव्यात येतो.’ जळालेली ड्रायव्हर चिप किंवा सर्किटवरचा गंजलेला ट्रॅक फाइलमधून येत नाही. पण मूळ माहितीच बिघडलेली असेल तर ती चूक नक्की येते.

‘क्लोन केला की किलोमीटर बदलतात.’ काही मॉडेलमध्ये धावलेले अंतर बीसीएममध्येही नोंदलेले असते. पूर्ण क्लोनमध्ये आपल्याच गाडीचा आकडा येतो. दुसऱ्या गाडीचा आकडा दिसण्याचा धोका नुसत्या अदलाबदलीत असतो.

‘हे काम मुळातच बेकायदा आहे.’ आपल्या गाडीची ओळख आपल्याच गाडीत राखणे ही दुरुस्ती आहे. तीच साधने चोरीसाठीही वापरता येतात, म्हणून आधी आरसी मागणारा कारागीर चांगला समजावा आणि दात्या मोड्यूलचे बिल मागून घ्यावे.

‘स्कॅनरवर यू०१४० आला, म्हणजे बीसीएम गेला.’ या कोडचा अर्थ बीसीएमशी संपर्क तुटला, एवढाच. फ्यूज, अर्थिंग, सॉकेटमधले पाणी आणि उंदराने कुरतडलेली तार आधी तपासावी. बॅटरी काढून कॅनच्या दोन तारांमधला रोध मोजला तर तो साधारण ६० ओम भरायला हवा, कारण दोन्ही टोकांना १२० ओमचे रोध असतात. १२० ओम दिसले तर तार तुटल्याचा संशय आधी घ्यावा.

‘कोणताही मोड्यूल क्लोन होतो.’ हेही खरे नाही. जुन्या मोड्यूलमधली स्मृतीच जळाली असेल तर नक्कल करायला काही उरत नाही. नव्या पिढीच्या अनेक प्रोसेसरमध्ये गुप्त किल्ल्या अशा सुरक्षित कप्प्यात असतात की त्या बाहेरून वाचता येत नाहीत. या दोन्ही प्रसंगी नवा मोड्यूल आणि अधिकृत कोडिंग हाच खात्रीचा मार्ग उरतो. म्हणूनच बिघडलेला बीसीएम दात्याचे काम पूर्ण होऊन सगळ्या चाव्या तपासल्याशिवाय भंगारात देऊ नये, आणि वाचलेल्या फाइलची एक प्रत मालकाने स्वतःजवळ ठेवावी.