डॉग फूड : ८ टक्के प्रोटीन २२ टक्क्यांपेक्षा जास्त कसं?

दुकानात कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर प्रोटीन २२ टक्के आणि ग्रेव्हीच्या पाऊचवर फक्त ८ टक्के लिहिलेलं दिसतं. मग पिशवीच सरस? थांबा. अशा पाऊचमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, दाण्यांमध्ये साधारण १० टक्के. पाणी वजा केलं की पाऊचमध्ये उरलेल्या २० भागांत ८ भाग प्रोटीन, म्हणजे ४० टक्के! पिशवीत ९० भागांत २२, म्हणजे जेमतेम २४. पाकिटावरचा ‘मॉइश्चर’चा आकडा १००मधून वजा करा, उरलेल्या आकड्याने प्रोटीनला भागा आणि १००ने गुणा. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

घटकांची यादीही याच पाण्यामुळे फसवते. घटक शिजवण्याआधीच्या वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. ताजं चिकन पाण्यामुळे जड, म्हणून ते पहिल्या नंबरवर येतं.

पण नुसत्या प्रोटीनवर भुलू नका. ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द शोधा आणि ते कोणत्या वयासाठी आहे तेही वाचा. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेलं पाकीट म्हणजे तोंडी लावणं, रोजचं जेवण नव्हे. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींचं पिल्लू असेल तर ‘लार्ज ब्रीड पपी’च घ्या. कॅल्शियम जास्त झालं तर त्यांच्या हाडांची वाढ बिघडते. त्यामुळे वरून कॅल्शियमचं टॉनिक पशुवैद्यांना विचारल्याशिवाय नको.

ब्रँड बदलताय? जुन्या खाण्यात नवं थोडं थोडं वाढवत ७ ते १० दिवस घ्या. एकदम बदललं तर पोट बिघडू शकतं.