ध्वजस्तंभाची दोरी : निगा आणि बदल

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नरडाणा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील गाव. याच मार्गावर पश्चिमेस नंदुरबार आहे. तेथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शाळकरी वयाचा शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती हुतात्मा झाले. ध्वज हाती धरण्याची किंमत ज्या प्रदेशाने प्राणांनी मोजली, तेथे राष्ट्रीय सणाच्या सकाळी दोरी अडकून ध्वज अर्ध्यावर थांबावा, हे कोणालाच रुचणारे नाही. तरीही असे प्रसंग अनेक ठिकाणी घडतात. याचे कारण म्हणजे शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या ध्वजस्तंभाच्या दोरीची आठवण बहुधा २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशीच होते.

वस्तुतः ध्वजस्तंभाची दोरी आणि शिडाच्या जहाजावर शीड वर चढविणारा दोर यांचे काम एकच आहे. दोन्ही दोर शेंड्यावरील कप्पीतून फिरतात आणि दोन्ही ऊन, वारा व पाऊस सोसतात. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघून मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय होत. अशा प्रवासात दोराचा भरवसा हाच जिवाचा भरवसा असतो. म्हणून जाणता नाविक दोर तुटण्याची वाट पाहत नाही. तो दोर गोड्या पाण्याने धुतो, हाताने तपासतो आणि वेळेपूर्वी बदलतो. खानदेशात समुद्र नाही. पण मोटेचा नाडा वेळीच बदलावा लागे, हे सांगणारी वडीलधारी मंडळी गावोगाव आहेत.

दोरी का अडते?

पहिले कारण दोरीच्या जातीत असते. सुती दोरी पावसात भिजून फुगते, ताठर होते व कप्पीतून सहज सरकत नाही. १५ ऑगस्टला होणारी अडचण पुष्कळदा हीच असते. साधी प्लास्टिकची दोरी खानदेशातील कडक उन्हात ठिसूळ होऊन तिचे केस सुटू लागतात. नायलॉनची दोरी बळकट खरी, पण ताणली जाते. विणीची पॉलिएस्टर दोरी ऊन अधिक सोसते व कमी ताणली जाते. म्हणून ती या कामी योग्य ठरते.

दुसरे कारण कप्पीचे. दोरी खाचेच्या मानाने बारीक असल्यास ती चाक व बाजूची पट्टी यांच्यात शिरून अडकते. सामान्यतः ६ ते ८ मिलिमीटर जाडी पुरेशी होते. तथापि खाच पाहूनच दोरी घ्यावी. स्तंभ २० फूट उंच असेल, तर जाण्यायेण्याची ४० फूट आणि गाठींसाठी ५ फूट, अशी एकूण ४५ फूट दोरी लागते.

स्वच्छता व तपासणी

दोरीच्या पिळात बसलेली धूळ तिचे धागे आतून कापते. म्हणून प्रत्येक राष्ट्रीय दिनापूर्वी सुमारे दोन आठवडे दोरी उतरवून कोमट पाणी व सौम्य साबणाने धुवावी, स्वच्छ पाण्यातून काढावी आणि सावलीत वाळवावी. ती उतरविताना तिच्या टोकास पुरेशी लांब सुतळी जोडून ओढावी, म्हणजे कप्पी रिकामी राहत नाही आणि त्याच सुतळीने दोरी परत वर नेता येते.

वाळलेली दोरी बोटांतून सरकवून पाहावी. एखादी जागा बारीक, ताठर किंवा तुटक्या धाग्यांची आढळल्यास दोरी बदलावी. तेथे गाठ मारून काम भागवू नये. गाठ कप्पीतून जात नाही.

दोरी बदलण्याची रीत

जुनी दोरी स्तंभावर असतानाच नवी चढविणे, हे या कामाचे मर्म होय. जुन्या दोरीचे टोक मोकळे करून त्यास नव्या दोरीचे टोक समोरासमोर भिडवावे. सुई व जाड दोऱ्याने दोन्ही टोके पक्की शिवावी आणि त्यावर पातळ चिकटपट्टी गुंडाळावी. जोड दोरीपेक्षा जाड होऊ देऊ नये. मग एकाने जुनी दोरी सावकाश ओढावी व दुसऱ्याने नवी सोडीत जावी. जोड अडल्यास हिसका न देता मागे घ्यावा आणि बारीक करून पुन्हा ओढावा.

दोरी तुटून कप्पीबाहेर पडली, तर मात्र स्तंभ आडवा करणे किंवा जाणत्या माणसाने भक्कम शिडी लावून वर जाणे, हेच मार्ग उरतात. कोणत्याही परिस्थितीत विद्यार्थ्यास स्तंभावर चढवू नये. जवळून वीजवाहिनी जात असेल, तर वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री केल्याखेरीज लोखंडी स्तंभ हलवू नये. वेळीच दोरी बदलली म्हणजे हा धोका टळतो.

रंगीत तालीम

ध्वज स्फूर्तीने चढवावा व सन्मानपूर्वक सावकाश उतरवावा, असे भारतीय ध्वजसंहिता, २००२ सांगते. दुखवट्याच्या प्रसंगी तो प्रथम शेंड्यापर्यंत नेऊन मग अर्ध्यावर आणावयाचा असतो आणि उतरविण्यापूर्वी पुन्हा शेंड्यापर्यंत न्यावयाचा असतो. या साऱ्या हालचाली आदल्या दिवशी साधे कापड बांधून करून पाहाव्या. त्यासाठी राष्ट्रध्वज वापरू नये.

दोरी बदलल्याची तारीख शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहून ठेवल्यास नव्याने येणाऱ्या मुख्याध्यापकास वा ग्रामपंचायत अधिकाऱ्यास ती जुनी किती, हे कळते. या कामाला खर्च थोडा आणि वेळ तासाभराचा लागतो. तेवढे केले, की ध्वजवंदनाच्या वेळी जमलेल्या गावाचे लक्ष दोरीकडे न जाता ध्वजाकडेच राहील.